कासमभाईंचा वजनकाटा

कासमभाईंच्या हापिसात तुम्ही गेलात तर नाव नंतर विचारतील. आधी काट्यावर उभं करतील.

दाराच्या आत पायपुसणं असतं ना, त्या जागेवर तेंनी वजनकाटा ठेवलाय. आंब्याच्या पेट्या तोलायचा असतो तसला, लोखंडी, वरती लाल आकडे पेटणारा. चप्पल काढू देत नाय. हातातली पिशवी खाली ठेवू देत नाय. म्हणतात, "आहात तसे उभे राहा. बिल्डिंगवर काय चप्पल काढून चढणार आहात?" माणूस बावचळून उभा राहतो. कासमभाई चष्मा कपाळावर सरकवतात, आकडा बघतात, मान हलवतात आणि मंग म्हणतात, "बसा. काय काम काढलंत?"

पोस्टमनला सवय झालीय. तो स्वतःच चढतो नि आपला आकडा मोठ्यानं सांगून टपाल ठेवतो. पण एकदा बँकेची एक बाई आली होती, कर्ज पायजे का विचारायला. चांगली नटूनथटून आली होती. कासमभाईंनी तिला उभी केली, आकडा बघितला नि म्हणाले, "वा, भक्कम." ती कर्जाचं विसरली आणि आली तशी गेली. मी चा टाकला होता तिच्यासाठी, तो मीच प्यायले.

कासमभाई इंजिनेर हायत. घराचं तोंड कुठं करायचं, रंग कोणता द्यायचा, ते काम तेंचं नाय. ते दुसरा इंजिनेर करतो. बिल्डिंग उभी कशी राहायची, खांब कुठं, किती जाड, आत लोखंड किती, पाया किती खोल, ते हे सांगतात. आखाती देशात होते बरीच वर्षं. तिकडं तेंनी काढलेल्या नकाशांवर मोठमोठे मनोरे उभे हायत म्हणतात. मी काय बघायला गेले नाय. पण ज्या माणसाला दोन खुर्च्या एकावर एक ठेवलेल्या चालत नायत, तेच्या मनोऱ्याचं मला कौतुक वाटतं.

मी रुक्मिणी. हापिसात केर काढते, चा करते, दुपारचं जेवण करून ठेवते. शाळा दुसरीपर्यंत. पाट्या वाचता येतात, आकडे कळतात, तेवढ्यावर चाललंय. तेच्या आधी चिरेखाणीवर होते. जांभ्याचा चिरा डोक्यावर घ्यायचा, खाणीतनं वर यायचं, ट्रकात टाकायचा, परत खाली जायचं. नवरा तिथंच कामाला होता. एका पावसाळ्यानंतर खाणीची कड ढासळली, तेच्या अंगावर आली. दिवसपाणी आटोपलं नि मी त्याच खाणीवर परत गेले. दुसरीकडं कोण बसलं होतं काम घेऊन. पोरगी मोठी केली, लग्न लावून अलोऱ्याला दिली, नि मंग माझे गुडघे गेले.

गुडघे गेल्यावर कुणीतरी मला ह्या हापिसात पाठवलं. कासमभाईंनी आधी काट्यावर उभी केली. बेचाळीस किलो. मंग विचारलं, "मावशी, ह्याच्या आधी काय करायचात?"

म्हटलं, "चिरे उचलायचे."

"डोक्यावर?"

"मंग काय खिशात?"

ते एकदम पुढं वाकले. मला वाटलं आता पगाराचं बोलतील. तेंनी विचारलं, "चिरा डोक्यावर घेतला. त्याचं वजन कुठं जातं?"

मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यात."

हा माणूस इतका खूश झाला की उठून उभाच राहिला. "बरोबर," म्हणाले. "मानेत नाय, कमरेत नाय. सगळे असंच फसतात. शेवट बघायचा. उद्यापासून या."

तर ही तेंची खोड. "वजन कुठं जातं?" दिवसातनं किती वेळा म्हणतात तेला गणती नाय. भिंतीवर कॅलेंडर लावायला खिळा ठोकला तर विचारतील. पोरीनं अलोऱ्याहून फणस पाठवला, मी तो टेबलाच्या कडेला ठेवला, तर नकाशे सोडून उठले, फणस उचलून टेबलाच्या पायावर आणून ठेवला, नि परत बसले. हॉटेलात गेले तर खांबाजवळचं टेबल मागतात. पंख्याखालचं नको, खिडकीजवळचं नको. कुणाला दवाखान्यात बघायला गेले तर आजाऱ्याच्या आधी तिथल्या खांबाला बोटाची पेरं मारून कान लावतात. आजारी माणूस बिचारा पडल्या पडल्या बघत असतो, आपल्याला विचारतील म्हणून.

एका लग्नात तर तेंनी कहर केला. राजापूरकडचं लग्न होतं, तेंच्या जुन्या ठेकेदाराच्या मुलाचं. नवरानवरी स्टेजवर, नि फोटोसाठी सगळे मामा, माम्या, आत्या, चुलत्या वर चढलेले. फळ्या कुरकुरायला लागल्या. कासमभाई आहेराचं पाकीट घेऊन पायरीवर उभे. वर जाईनात. म्हणाले, "आधी चार आत्या उतरवा." नवरदेवाचा बाप म्हणाला, "भाई, मानाच्या हायत." कासमभाई म्हणाले, "मानाच्या हायत ते मला दिसतंय. मान कुठं जातोय ते फळीला विचारा." आत्या उतरल्या. तेंच्याकडं कशा बघत उतरल्या ते मी सांगत नाय. पण मंग हे वर चढले, पाकीट दिलं, फोटो काढला नि स्वतः पण लगेच उतरले.

तर अशा माणसाकडं बाळाशेठ आले.

बाळाशेठ म्हंजे आधी आंब्याचे दलाल. पावसला तेंच्या बागा हायत. मंग जागा घेत गेले, विकत गेले, नि बिल्डर झाले. आता तेंना गावात मोठं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. खाली तळघरात गाड्या लावायच्या, तळमजल्याला गाड्या विकायचं शोरूम, वर दुकानं, तेच्यावर हापिसं, नि सगळ्यात वर लग्नाचा हॉल. इतकं मोठं इकडं कुणी बांधलेलं नाय, असं शेठ दर वाक्याला सांगायचे. तेंना काट्यावर उभं केलं तर हातातलं सोन्याचं कडं काढायला लागले.

"राहू दे," कासमभाई म्हणाले. "ते पण वर चढणारच हाय."

मंग काय, आमच्या हापिसात तेच एक चाललं. कासमभाईंकडं कॉम्प्युटर हाय, तेच्यात ते सगळं घालतात, रंगीत रंगीत खांब दिसतात. पण तेवढ्यावर तेंचं पोट भरत नाय. पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणे, हापिसात माणसांचं इतकं वजन धरा, दुकानात इतकं धरा. कासमभाई म्हणतात, "ते कमीतकमी. पुस्तक लिहिणारा रत्नागिरीत मे महिन्यात आलेला नाय."

म्हणून मंग जे येईल ते काट्यावर. रिक्षावाले, शिपाई, पेपरवाला. आमच्या गल्लीत जैतुनबी मासळी घेऊन यायची, तिला टोपलीसकट उभी केली. ती म्हणाली, "भाई, सुरमईच्या वजनात मला धरू नका, गिऱ्हाईक पळेल." हॉलमध्ये लग्नं होणार, लोक नाचणार, तर नाचणाऱ्याचं वजन किती वाढतं ते बघायला मला आणि जैतुनबीला तेच्यावर आळीपाळीनं उड्या मारायला लावल्या. मी सांगितलं, माझे गुडघे गेलेत. म्हणाले, "हळू मारा. म्हातारी माणसं पण नाचतात लग्नात." मी एक उडी मारली. जैतुनबीनं चांगल्या पाच-सहा मारल्या. आकडे नुसते पळत होते. कासमभाई बघत बसले, नि मंग म्हणाले, "हॉलच्या खालचे खांब जाड करायला लागतील." जैतुनबी टोपली उचलत म्हणाली, "करा. नि माझ्या नावाचा एक करा."

तर झगडा झाला तो खांबावरनं.

शोरूमच्या मधोमध एक खांब येत होता. बाळाशेठना तो नको होता. तेंचं म्हणणं, दारातनं आत आल्या आल्या गिऱ्हाइकाला गाडी दिसली पायजे, खांब नाय. आधी गोडीत बोलले. मंग पेढे आणले. मंग आवाज चढला.

"भाई, एक खांब. एवढे खांब हायत, एक काढला तर काय होतंय?"

"वरच्या सगळ्या मजल्यांचं मधलं वजन त्या खांबात येतं, शेठ. खांब काढला तर ते वजन कुठं जातं?"

"ते तुम्ही बघा ना. तुम्हाला फी कशाची देतो?"

"मी बघितलं. मोठी तुळई घालतो आडवी, ती घेईल वजन. पण ती एवढी खोल येईल की शोरूमचं छत खाली येईल. लोखंड पण वाढेल."

"छत खाली नको. लोखंड पण नको."

"मंग खांब."

"खांब पण नको."

कासमभाई उठले नि माझा झाडू मागितला. मी ओळखलं. माझा माडाच्या हिरांचा झाडू दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. हा माणूस तेच्यातले हीर ओढून बिल्डिंगी करायचा. हिरांचे खांब, कच्च्या बटाट्याच्या फोडी सांध्याला, नि मजल्यांना बिस्किटं. दुपारच्या भाजीत बटाटा कमी का, ते मीच तेंना सांगायची.

तेंनी शेठच्या पुढ्यात बिल्डिंग उभी केली. सगळ्यात वरच्या बिस्किटावर माझा पानाचा डबा ठेवला. उभी राहिली. मंग मधला हीर अलगद काढला. बिस्किटं मधनं वाकली, तडकली, डबा खाली आला, सुपारी शेठच्या मांडीवर.

शेठनी सुपारी झटकली नि म्हणाले, "माझी बिल्डिंग बिस्किटाची नाय."

"नाय," कासमभाई म्हणाले, "पण उद्या शोरूममध्ये उभी राहणारी माणसं माझ्या ओळखीची हायत."

शेठ उभे राहिले. दारापर्यंत गेले, काट्यावर चढून उतरले, कारण तेच्याशिवाय बाहेर जाता येत नाय, नि म्हणाले, "पुण्याचा इंजिनेर मला बिनखांबाचं काढून देतोय. कॉम्प्युटरवर. तुम्ही आठवडाभरात खांब काढलेला नकाशा देता की मी तिकडं जाऊ, ते कळवा."

गेले. कासमभाईंनी बिस्किटांचा चुरा गोळा केला नि खाल्ला.

आठवडाभर तेंची तब्येत काही बरी नव्हती. डबा उघडायचे, झाकायचे. मुलग्यांचे फोन यायचे, एक दुबईला, एक कॅनडात. फोन टेबलावर ठेवून बोलतात, म्हणून मला ऐकू येतं. मोठा म्हणायचा, "अब्बा, सोडून द्या ते काम. ह्या वयात कशाला डोक्याला ताप? इकडं या." कासमभाई म्हणायचे, "मी तिकडं आलो तर इथलं वजन कुठं जाईल?" मुलगा हसायचा. त्याला वाटायचं अब्बा बिल्डिंगीचं बोलतायत. मला पण तसंच वाटायचं.

मी तेंना म्हटलं, "भाई, काढून टाका तो खांब. नाय तरी तो पुण्याचा काढणारच हाय. तुमचं काम का घालवता?"

चष्म्यावरनं बघितलं माझ्याकडं. "तुम्ही म्हणता हे, मावशी?"

खरं म्हंजे मी बोलायचं म्हणून बोलले होते. काम गेलं असतं तर माझं पण गेलं असतं, हापिस कशावर चालणार. पण वरनं आलेलं वजन मी बघितलंय. तेच्याखाली माणूस किती उरतो ते पण बघितलंय. शेठच्या शोरूममध्ये उद्या माझ्यासारखीच कुणीतरी केर काढणार होती. मी तेंना चा करून दिला. तेवढंच मला येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासमभाई रिक्षा घेऊन दारात. "काटा धरा एका बाजूनं," म्हणाले. आम्ही दोघांनी तो काटा उचलून रिक्षात घातला. गुडघ्यांनी मला सांगितलं वजन कुठं जातंय ते. रिक्षा थेट बाळाशेठच्या हापिसाशी.

आंब्याचा ऐन मोसम होता. शेठचं हापिस दुसऱ्या मजल्यावर, काचेचं, आत थंडगार. बाहेर बसलेली मुलगी म्हणाली, "शेठ मीटिंगमध्ये हायत, मीटिंग रूममध्ये."

मी नाक वर केलं. कासमभाईंनी पण केलं. मीटिंगचा वास येत होता, हापूसचा.

कासमभाईंनी सरळ दार उघडलं. आत मोठं टेबल होतं, पण ते दिसत नव्हतं. टेबलावर पेट्या, टेबलाखाली पेट्या, भिंतीला लावून छतापर्यंत पेट्या, नि उरलेल्या जमिनीवर पेंढ्याची अढी घातलेली. तेच्यात मधोमध बाळाशेठ उकिडवे बसून आंबे परतत होते. कडं वर कोपरापर्यंत सरकवलेलं.

इकडं असंच असतं. कुणाची कसली पण खोली असू दे, मे महिन्यात रिकामी दिसली की तिच्यात आंबा शिरतो. मी पोरीच्या बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेले होते तर तिथं औषधांच्या खोलीत अढी होती. कुणाला तेचं काय वाटत नाय. शेठना पण वाटलं नव्हतं.

"या भाई," शेठ म्हणाले. "बसा." बसायला जागा नव्हती.

कासमभाईंनी काटा खाली ठेवला, एक पेटी उचलून तेच्यावर ठेवली. आकडा बघितला. मंग भिंतीपासनं भिंतीपर्यंत पेट्यांकडं बोट फिरवलं, ओठ हलवत.

"शेठ, ह्या खोलीच्या नकाशावर काय लिहिलंय?"

"मीटिंग रूम."

"आंब्याला वाचता येत नाय."

शेठ हसले. कासमभाई हसले नायत. म्हणाले, "तुम्ही नवीन बिल्डिंगीत हापिसं काढलीत, मी हापिसं धरली नायत. मी आंबा धरलाय. प्रत्येक मजल्यावर. कारण घेणारे तुमच्यासारखेच असणार, इथलेच. वर लग्नात लोक नाचणार, मधे अढ्या लागणार, नि खाली मधला खांब नाय. आता खाली बघा."

शेठनी खाली बघितलं. पेंढ्याच्या बाजूला लादी दिसत होती. लादीला भेग गेली होती, ह्या भिंतीपासनं टेबलाखाली. जुनी असेल, नवी असेल, मला कळत नाय. शेठ तिच्याकडं बघत राहिले. मंग हळूच उठले नि अढीच्या बाहेर आले, पाय उचलून उचलून, झोपलेलं पोर जागं होऊ नये तसे.

"विचार करतो," म्हणाले. नि आम्हाला एक पेटी दिली. कासमभाई म्हणाले, "दोन द्या. तेवढंच हलकं होईल."

तेच्यानंतर चार-पाच दिवसांनी मला म्हणाले, "मावशी, रविवारी दुपारी माझ्या घरी टेस्ट घ्यायची हाय."

"कसली?"

"स्लॅबची. वजन चढवायचं नि बघायचं, किती वाकते. खाली यंत्र लावतो. बाळाशेठना पटवायला पायजे. ज्यांना ज्यांना काट्यावर उभं केलंय तेंना सगळ्यांना सांगा. जेवण हाय म्हणून सांगा, नायतर येणार नायत."

मी सांगत सुटले. पोस्टमनला सांगितलं, रिक्षावाल्यांना, पेपरवाल्याला, जैतुनबीला. जैतुनबी म्हणाली, "उड्या मारायच्या हायत काय?" म्हटलं, असतील. म्हणाली, "मंग सुनेला पण आणते, ती चांगली मारते."

कासमभाईंचं घर मी बाहेरनं बघितलं होतं, आत कधी गेले नव्हते. भाट्याच्या खाडीकडं हाय. रविवारी सकाळी स्वयंपाकाला हात लावायला गेले. खाली खांबांवर मोकळी जागा, चार गाड्या राहतील एवढी, नि एक जुनी स्कूटर. बाजूला स्वयंपाकघर. तिथं एक ताट, एक पेला, एक खुर्ची. खुर्ची खांबाजवळ.

जिना चढून वर गेले तर हॉल. असला हॉल मी मंगल कार्यालयात बघितलाय. कडेनं सोफे, तेंच्यावरचं प्लास्टिक तसंच. पंख्यांच्या पात्यांवर पण. एका भिंतीला ओळीनं खोल्या, दारांना कुलपं.

मी विचारलं, "एवढं कुणासाठी बांधलंत?"

"दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. सुनांची माहेरची माणसं येणार. ईदला सगळी आली नि सगळी एकदम मधे उभी राहिली तरी चालेल, अशी स्लॅब धरलीय." मंग म्हणाले, "पोरं उड्या मारतील तेचं पण धरलंय."

"नि तुमची बायको?" म्हंजे मी असं विचारलं नाय. मला ठाऊक होतं. ती घराला लाद्या बसायच्या आधीच गेली, हे आखातातनं परत यायच्या तयारीत असताना. मी प्लास्टिक काढायला लागले. म्हणाले, "राहू द्या." मी म्हटलं, "भाई, माणसं प्लास्टिकवर बसली तर घामानं चिकटतील. मंग वजन उठायचं नाय." तेंनी स्वतःच पहिल्या सोफ्याचं फाडलं.

माणसं आली. जिन्याच्या तोंडाशी काटा. प्रत्येक जण चढला, उतरला, नि वर गेला. ज्यांना मटण चालत नव्हतं तेंच्यासाठी वेगळी चूल लावली होती, ती मी सांभाळली. आंब्याच्या रसातली सांदणं होती, ती जैतुनबीनं घातली होती. हॉलमध्ये एवढा गोंगाट झाला की खाडीवरचे बगळे उठले. जैतुनबीची सून खरंच चांगल्या उड्या मारते. पोरांनी बंद खोल्यांची दारं वाजवून वाजवून एक कुलूप उघडवलं नि आतल्या कोऱ्या गादीवर नाचायला लागली. मी ओरडायला गेले, तर खालनं कासमभाईंचा आवाज आला, "नाचू द्या. ते धरलंय."

ते काय वर आले नायत. खाली यंत्राजवळ उभे.

बाळाशेठ घरच्या सगळ्यांना घेऊन आले होते, म्हातारी आई पण खुर्चीत बसवून वर आणली. मी तेंच्या ताटात सांदण वाढलं नि विचारलं, "काय शेठ, पटतंय का? राहिला का तो खांब?"

"खांब?" शेठ म्हणाले. "खांबाला मी बुधवारीच हो म्हटलं. हापिसात येऊन सही करून गेलो, तुम्ही बाजारात गेला होतात. शोरूमवाल्याला सांगितलं, खांबावर आरसा लाव, गाडी दोन्हीकडनं दिसेल. तो खूश."

मी वाढायची थांबले. "मंग ही टेस्ट कसली?"

शेठनी खांदे उडवले. "मी पण तेच विचारलं फोनवर. म्हणाले, टेस्ट ती टेस्ट, व्हायला पायजे. नि म्हणाले, वजन कमी पडतंय, घरातल्या सगळ्यांना घेऊन या."

मी कासमभाईंचं ताट वाढलं नि खाली घेऊन गेले. जिना उतरताना एकेक पायरीला थांबायला लागतं मला, म्हणून मी तेंना दिसायच्या आधी बराच वेळ मी तेंना बघत होते. यंत्र स्टँडवर होतं, तेची दांडी छताला टेकवलेली. कासमभाई यंत्राकडं बघत नव्हते. मधल्या खांबाला हाताचा पंजा लावून उभे होते, मान वर करून. वर धडधड चालली होती, नि प्रत्येक धडधडीला तेंचे डोळे तिकडं जात होते, इथनं तिथं, तिथनं इथं, पोरं पळतील तसे.

मी ताट स्कूटरच्या सीटवर ठेवलं. म्हटलं, "भाई, किती वाकली स्लॅब?"

"अं?" म्हणाले. "वाकली थोडी." मंग यंत्राकडं बघितलं नि म्हणाले, "चांगली घेतेय."

"झाली का मंग टेस्ट? माणसं हात धुवायला उठतायत."

तेंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"नियम असा हाय मावशी," म्हणाले, "वजन चढवलं की लगेच काढायचं नसतं. एक दिवस एक रात्र ठेवायला लागतं. मंग खरं कळतं."

"एक रात्र."

"तेवढं कुणी थांबणार नाय, ते मला ठाऊक हाय." खांबावरचा हात तेंनी काढला नव्हता. "चा होईस्तोवर थांबले तरी चालेल."

मी वर गेले. पोस्टमन चपला शोधत होता. बाळाशेठची आई म्हणत होती, निघूया आता, उन्हं उतरली. मी हॉलच्या दारात उभी राहिले नि सांगितलं, "कुणी उठायचं नाय. टेस्ट चालू हाय. नियम हाय, वजन ठेवायला लागतं. आता चा हाय, मंग आंबे कापायचे हायत, मंग बघू."

"कुठवर?" पोस्टमननं विचारलं.

"इंजिनेर सांगतील तोवर."

बसली सगळी. पोरं परत गादीवर गेली. मी चा टाकला, सगळ्यांना दिला, एक पेला खाली पोचवला, नि मंग वर येऊन मधल्या सोफ्यावर टेकले. माझं वजन ते काय, बेचाळीस किलो. पण म्हटलं, तेवढंच.